निपाणी ते खानापूर: महामार्गाची दुरुस्ती, डायव्हर्जन आणि रस्त्याकडेची गावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोगनोळी नाक्यापासून कित्तूरपर्यंतचा पुणे-बेंगळूर महामार्ग आणि बेळगावहून खानापूर, अनमोडकडे जाणारा गोव्याचा रस्ता, या दोन्हींवर कुठे ना कुठे काम चालू असतंच. कधी डांबराचा नवा थर, कधी पूल, कधी खचलेली साईडपट्टी. काम व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण फाटा कोणत्या दिवशी बंद होणार, पलीकडच्या शेतात जायचं कसं, रात्री आजारी माणसाला न्यायचं कुठून, हे रस्त्याकडेच्या गावांना काम सुरू होण्याआधी कळलं पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे आणि तोच बहुतेक वेळा विसरला जातो. निपाणी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

तक्रारीत रस्त्याचं नाव काय लिहायचं? आम्ही अजून एनएच फोरच म्हणतो.

बोलताना म्हणा, पण अर्जात नवा क्रमांक लिहा. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले. कोल्हापूर-निपाणी-बेळगाव-धारवाड हा पूर्वीचा ४ आता ४८ झाला. बेळगाव-खानापूर-अनमोड-गोवा हा ४ ए होता, तो ७४८ झाला. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोलीकडे जाणारा ५४८ एच. बेळगाव शहरातला पी. बी. रोड (पुणे-बेंगळूर रोड) हा जुना मार्ग. तिथला खड्डा महामार्ग प्राधिकरणाला कळवून उपयोग होत नाही.

क्रमांकाइतकंच महत्त्वाचं म्हणजे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गावरचे दगड पिवळे-पांढरे असतात, राज्य मार्गावरचे हिरवे-पांढरे. खड्ड्याजवळचा किलोमीटरचा दगड आणि मधल्या दोनशे-दोनशे मीटरच्या छोट्या दगडावरचा आकडा फोटोत येऊ द्या. ‘आमच्या गावाजवळ मोठा खड्डा आहे’ असा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. किलोमीटर आणि बाजू (निपाणीकडे जाणारी की धारवाडकडे जाणारी) लिहिलेला अर्ज नेमक्या अभियंत्यापर्यंत पोहोचतो.

चार पदरी रस्ता होताच की. मग पुन्हा सगळं उकरलं कशासाठी?

हा रस्ता सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-चेन्नई बाजूवर चार पदरी झाला, त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हाचा अंदाज आणि आजची वाहतूक यांत फार फरक पडला आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीचे कारखाने आणि गोव्याचा माल एकाच रस्त्यावर आला. म्हणून बेळगाव ते महाराष्ट्र हद्द हा पट्टा सहा पदरी करायला घेतला. तवंदी घाटातली वळणं तर वर्षानुवर्षं जीव घेत आली आहेत. तिथे रुंदीकरण नको असं कुणीच म्हणणार नाही.

दुसरं कारण जमिनीत आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. खानापूरकडे तांबडी, जांभ्याची जमीन. तिथे माती फुगत नाही, पण पाऊस इतका की साईडपट्टी धुऊन जाते आणि डांबराची कड तुटते. एकाच जिल्ह्यात दोन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे लागतात. काळ्या मातीच्या पट्ट्यात नुसता वरून डांबर ओतण्यात पैसा घालवू नये. तिथे खालची माती काढून मुरूम भरणं, चुन्याने माती सुधारणं आणि पाणी बाजूला काढणं हेच खरं काम.

पावसाळ्यात खड्डे का बुजवत नाहीत? आणि बुजवले तरी आठ दिवसांत का उखडतात?

डांबर-खडीचं मिश्रण प्लांटमधून साधारण १५० अंश सेल्सिअसला निघतं. ते ट्रकमधून येतं, पेव्हरने पसरतं आणि ९० ते १०० अंशांच्या खाली जायच्या आत रोलर फिरून दबावं लागतं. पावसात ते रस्त्याला टेकताच गार होतं आणि खालच्या ओल्या थराला चिकटत नाही. खडीवर पाण्याचा पापुद्रा राहिला की डांबर सुटतं आणि चाकाखाली खडी उडू लागते. म्हणून जून ते सप्टेंबर मोठी डांबरीकरणाची कामं थांबतात. ऑक्टोबर ते मे हाच खरा हंगाम.

पण पावसाळा हे खड्डे तसेच ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. पावसातही वापरता येणारं थंड मिश्रण मिळतं, आणि धोक्याचा खड्डा निदान खडी दाबून सपाट करता येतो.

नीट बुजवलेला खड्डा ओळखायला शिका, गावातल्या पोरांनाही शिकवा. आधी खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापून तो चौकोनी करतात. आतली माती, सुटी खडी, पाणी काढून तळ कोरडा करतात. मग तळाला आणि चारही कडांना पातळ डांबराचा हात मारतात. त्यावर गरम मिश्रण थराथराने टाकून छोटा रोलर फिरवतात. काम झाल्यावर पॅच आजूबाजूच्या रस्त्याच्या पातळीत येतो आणि कडा काळ्याभोर, बंद दिसतात. याउलट ट्रॉलीतून मिश्रण ओतलं, फावड्याच्या पाठीने थापटलं आणि वरून खडीची कच टाकली, तर पहिल्या दमदार सरीला ते वाहून जाणार. असं काम दिसलं की तिथेच व्हिडिओ घ्या आणि तारीख-किलोमीटरसह पाठवा. काम संपल्यावर तक्रार करण्यापेक्षा काम चालू असताना केलेली तक्रार कितीतरी जास्त लागू पडते.

डायव्हर्जनच्या जागी नियमाने काय काय असायला हवं?

रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे आणि महामार्गाच्या करारांत तिचं पालन अपेक्षित असतं. तिचा गाभा साधा आहे. चालकाला बरंच आधी कळलं पाहिजे, मग त्याला हळूहळू दुसऱ्या लेनमध्ये वळवलं पाहिजे, मग कामाची जागा पक्क्या अडथळ्यांनी वेगळी केली पाहिजे आणि शेवटी त्याला पुन्हा मूळ लेनमध्ये सोडलं पाहिजे. फलक, वेगमर्यादा, बाण, चमकणारे कोन, रात्री लुकलुकणारे दिवे आणि झेंडे घेतलेली माणसं हे सगळं त्यात आलं.

‘बरंच आधी’ याचा अर्थ नीट समजून घ्या. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. डायव्हर्जनचा बोर्ड ५० मीटरवर लावला तर चालकाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. भरलेला ट्रक दोन सेकंदांत थांबत नाही. वंटमुरी घाटाच्या उतारावर तर नाहीच नाही.

आणि आपल्याकडे रात्री काय दिसतं? चुना फासलेले चार दगड, त्यात खोचलेली झाडाची फांदी, फाटलेली लाल-पांढरी पट्टी. दिवसा ते चालून जातं. रात्री पावसात समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यावर आला की तो दगड शेवटच्या क्षणीच दिसतो, आणि दुचाकीवाला त्यावरच जातो. दगड हा अडथळा नव्हे, दगड हा धोका आहे. असे दगड दिसले तर ती किरकोळ बाब समजू नका. माझ्या मते महामार्गाच्या कामातल्या सगळ्या तक्रारींत ही पहिल्या क्रमांकाची तक्रार असायला हवी.

एकाच बाजूवरून दोन्हीकडची वाहतूक सोडतात तेव्हा कसं चालवायचं?

समोरासमोर धडकेचा सर्वांत जास्त धोका इथेच. दुभाजकाची सवय झालेला चालक समोरून कुणी येणार नाही असं धरून चालतो. अशा पट्ट्यात ओव्हरटेक अजिबात करू नका, लाईट खाली ठेवा आणि पुढच्या गाडीशी अंतर राखा. पट्टा संपल्याचा फलक दिसेपर्यंत आपण दोन पदरी रस्त्यावर आहोत हे लक्षात ठेवा.

काम अर्धवट आहे, तासन् तास खोळंबा होतो. तरी टोल का द्यायचा?

काम चालू आहे म्हणून टोल आपोआप माफ होत नाही. नाक्यावरच्या पोराशी भांडून काही मिळत नाही, त्याच्या हातात काही नसतं. पण प्रश्न रास्त आहे आणि कोर्टानेही तो रास्त मानला आहे. केरळात त्रिशूरजवळ पालियेक्करा टोलनाक्यावर महामार्ग ५४४ च्या कामामुळे भयंकर कोंडी होत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिथली वसुली चार आठवडे थांबवली. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही त्यांना दिलासा मिळाला नाही. पुढे काही अटींवर वसुली पुन्हा सुरू झाली. तो निकाल त्या रस्त्यापुरता होता, पण चालण्याजोगा रस्ता देणं आणि टोल घेणं यांचा संबंध त्याने स्पष्ट केला. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी किंवा खानापूर रस्त्यावरचा गणेबैल नाका, कुठेही सामूहिक निवेदन देताना या निकालाचा उल्लेख जरूर करा.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सहा पदरीकरणासारख्या कामांच्या करारात, काम चालू असतानाही जुन्या लेन चालत्या ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदार कंपनीवरच असते. करार होण्याआधी रस्ता जसा होता त्यापेक्षा तो लक्षणीय खराब होता कामा नये. म्हणजे ‘नवा रस्ता होतोय, थोडं सहन करा’ हे उत्तर पुरेसं नाही. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत तर सरकार ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात देतं आणि उरलेली नंतर वर्षानुवर्षं हप्त्यांनी. त्या सगळ्या काळात देखभाल कंपनीचीच.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी कुठला पास बरा?

नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी स्थानिक मासिक पास मिळतो, साडेतीनशे रुपयांच्या आसपास. राहण्याचा पुरावा आणि गाडीचं आरसी लागतं. सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तो नाकारला जाऊ शकतो. पण सर्व्हिस रोडच उकरून ठेवला असेल तर तो ‘उपलब्ध’ कसा, हे लेखी विचारा.

१५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक फास्टॅग पासही आला आहे, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खासगी कार-जीपलाच चालतो, पिवळ्या पाटीला नाही. निपाणीहून बेळगावला जाऊन-येऊन हत्तरगीला दोन फेऱ्या मोजल्या जातात, त्याप्रमाणे हिशेब करा. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला टोल नाही.

फाटा बंद केला, दुभाजक जोडून टाकला. गाव एकीकडे, शेत दुसरीकडे. आता काय?

सगळ्यात जास्त त्रास इथे आहे आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं तेही याबद्दलच.

महामार्गाच्या दृष्टीने दुभाजकातली फट धोक्याची, ती बंद करणं योग्यच. भरधाव रस्त्यावर बैलगाडी आडवी जाणं कुणालाच परवडणारं नाही. पण फट बंद करताना जवळचा अंडरपास तयार आणि कोरडा असला पाहिजे. आधी फाटा बंद, मग दीड वर्षाने अंडरपास, या क्रमाने माणसं मरतात. काकती, होनगा पट्ट्यात सकाळच्या वेळी उभं राहून बघा. सायकलवरची शाळेची मुलं, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार. त्यांना सांगितलेला वळसा दोन-तीन किलोमीटरचा. गाडीवाल्याला तो काहीच नाही, पायी जाणाऱ्याला अर्धा-पाऊण तास. मग तो लोखंडी कठडा ओलांडतो, दुचाकीवाला उलट्या दिशेने घुसतो. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्यासाठी वाट ठेवणं हे ज्यांचं काम, त्यांना आधी विचारायला हवं.

अंडरपास झाला तरी दुखणं संपत नाही. आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा तो खाली असतो. गटार नीट नसेल तर जूनमध्ये त्यात गुडघाभर पाणी साचतं आणि गाव पुन्हा महामार्गावर येतं. म्हणून मागणी करताना तीन गोष्टी मागा. अंडरपास चालू होईपर्यंत तात्पुरती सुरक्षित ओलांडणी, तिथे झेंडेवाला माणूस सकाळ-संध्याकाळ, आणि अंडरपासच्या पाण्याचा निचरा नकाशावर कुठे दाखवला आहे त्याची प्रत. तिसरी मागणी केली की समोरचा माणूस तुम्हाला गांभीर्याने घेतो.

ग्रामपंचायतीचा ठराव या कामात फार उपयोगी पडतो. ग्रामसभेत ठराव घ्या, पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही-शिक्का घ्या आणि त्याची प्रत डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय), पोलीस आणि प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाला द्या. महामार्गावर वाहतूक वळवणं, अवजड गाड्यांना बंदी घालणं हे आदेश जिल्हा प्रशासनाकडून निघतात, कंत्राटदाराकडून नव्हे. आदेश दाखवा म्हटलं की अनेक मनमानी डायव्हर्जनं मागे घेतली जातात.

ऊस हंगाम आणि यल्लम्माच्या जत्रेत काम थांबवता येईल का?

पूर्ण थांबवणं कठीण, कारण कोरड्या दिवसांचा तोच हंगाम आहे. साखर कारखाने चालू, डांबराचे प्लांटही चालू. पण वेळा ठरवता येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर, सांगलीकडून सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, ती तारीख सगळ्यांना वर्षभर आधी माहीत असते. त्या आठवड्यात लेन बंद ठेवणं म्हणजे नियोजन केलंच नाही असं समजायचं.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही कळकळीने सांगणं आहे. दोन ट्रॉल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि डायव्हर्जनच्या अरुंद पट्ट्यात बंद पडलेली गाडी. मागून येणाऱ्याला काही दिसत नाही. मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि ती रोज पुसा. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे.

बेळगाव-कोल्हापूर आणि बेळगाव-गोवा, पर्यायी रस्ते कोणते?

कोल्हापूरसाठी लहान गाड्यांना कोवाड-नेसरी-गडहिंग्लज हा मार्ग आहे. अरुंद आहे, वळणं आहेत, रात्री अनोळखी माणसाने जाऊ नये. निपाणीच्या अलीकडे कोंडी असेल तर संकेश्वरहून गडहिंग्लजकडे वळता येतं. रेल्वेने मिरजेपर्यंत जाता येतं, सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावला थांबते. पण निपाणी आणि संकेश्वरला रेल्वेच नाही. त्या दोन गावांना हा रस्ता बंद म्हणजे सगळंच बंद, आणि नियोजन करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवं.

गोव्यासाठी खानापूर-अनमोड आणि जांबोटी-चोर्ला हे दोन मुख्य रस्ते. बेळगावची भाजी रोज याच घाटांतून गोव्याला जाते. त्यामुळे घाट बंद झाला की इथल्या शेतकऱ्याचा दर पडतो आणि तिकडे भाजी महागते. दोन्ही घाट पावसाळ्यात नाजूक आहेत. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात गोव्याच्या बाजूला रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद करावी लागली. चोर्ला रस्त्यावर कुसमळीजवळचा मलप्रभेवरचा जुना पूल हा असाच नाजूक टप्पा होता. तिसरा पर्याय आंबोलीचा, लांबचा पण भरवशाचा. तिलारी घाटाचा उतार फार तीव्र आहे, अवजड गाडी तिकडे घालू नका. मोबाईलचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून तोच दाखवतो, त्याचं ऐकू नका.

पुरात महामार्ग बंद होतो, तो कुठे?

निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही वेळा इथे पाणी आलं आणि महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. ट्रकांच्या रांगा लागल्या, गावकऱ्यांनी चालकांना जेवण पुरवलं. नदीपात्रात मातीचा उंच भराव टाकून रस्ता वर उचलला तर तो भरावच बांधासारखं पाणी अडवतो आणि मागच्या गावांत पूर चढतो. म्हणून नदीकाठच्या गावांनी भरावाऐवजी खांबांवरचा पूल मागणं योग्य आहे. महाग पडतो, तरीही.

ट्रक कोंडीत अडकला आणि ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाची) मुदत संपत आली. दंड होईल का?

मुदत वाढवता येते. संपण्याआधी आठ तास आणि संपल्यानंतर आठ तास, एवढ्या वेळात पोर्टलवर वाढवा आणि कारण ‘वाहतूक कोंडी’ असं टाका. ते सोळा तास निसटले तर मात्र अवघड.

अपघात झाला तर पहिलं काय करायचं?

११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. महामार्गाची स्वतःची चोवीस तासांची हेल्पलाईन १०३३ आहे, गस्तीची गाडी आणि क्रेन तीच पाठवते. ठिकाण सांगताना पुन्हा तेच: किलोमीटर आणि बाजू. कामामुळे एक बाजू बंद असेल तर तेही सांगा, नाहीतर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने येऊन दुभाजकापलीकडे अडकते.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार करण्याची केंद्राची योजना लागू आहे. अनोळखी गाडीने उडवून पळ काढला तर मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. हे शेवटचं वाक्य गावात सगळ्यांना सांगा, कारण भीतीपोटी लोक जखमीला हात लावत नाहीत.

खड्ड्यामुळे किंवा फलक नसल्यामुळे नुकसान झालं, भरपाई मिळते का?

गाडीचं नुकसान असेल तर पूर्ण विम्यातून दावा करा. मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ ए बघा. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल सुरक्षेच्या निकषांप्रमाणे न ठेवणाऱ्या यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला त्यात एक लाखापर्यंत दंड आहे. पोलीस फिर्याद लिहून घेताना चालकाचीच चूक लिहायला बघतात. तिथे फलक नव्हता, दिवा नव्हता, दगड ठेवले होते, हे फिर्यादीत आलं पाहिजे.

हद्द लक्षात घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला, तो महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी. अपघात कागलच्या बाजूला झाला तर त्याचा आधार घेता येतो, कोगनोळीच्या अलीकडे नाही. पंचनाम्यात जागा नेमकी लिहून घेणं म्हणूनच महत्त्वाचं.

रोलरच्या हादऱ्याने घराला तडे गेले, धुळीने पीक पांढरं पडलं. कुणाला सांगायचं?

काम गावाजवळ येण्याआधीच घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नंतर तडे गेले तर तुलना करता येते. पीडीओ किंवा तलाठ्याकडून पंचनामा मागा. धुळीसाठी दिवसातून ठरावीक वेळा टँकरने पाणी मारणं हे कंत्राटदाराचं काम आहे. ते होत नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातल्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या. तंबाखू आणि भाजीच्या पिकाला धुळीचा फटका मोठा बसतो, त्यामुळे पिकाचं नाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर लिहा.

बायपासला विरोध करणारे शेतकरी विकासाच्या आड येतात का?

नाही. हलगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढा दिला, तो सुपीक, बारमाही पिकणाऱ्या जमिनीसाठी. एखाद्याचं चार एकरांतलं दोन एकर जातं तेव्हा उरलेलं दोन एकरही तुकड्यात पडतं, बांधाची वाट जाते, विहीर पलीकडे राहते. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ नुसार कलम ३ ए ची (जमीन घेण्याच्या इराद्याची) अधिसूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस मिळतात. एवढे दिवस कागद समजून घेण्यातच जातात. म्हणून आसपास मोजणीचे खांब दिसले की लगेच उतारा काढून ठेवा आणि अधिसूचनेवर लक्ष ठेवा.

डायव्हर्जनच्या सूचना मराठीत मिळू शकतात का?

मागता येतात. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांनुसार, जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करायच्या असतात. खानापूर, बेळगाव, निपाणी तालुक्यांत मराठी भाषक त्याहून कितीतरी जास्त आहेत. यात कन्नडला विरोध नाही. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही असू द्या. आजोबांना बोर्ड वाचता आला नाही म्हणून ते बंद पुलाकडे गेले, असं होऊ नये एवढीच मागणी. शिवाय जिथे अक्षरांची गरजच नाही तिथे मोठा बाण आणि दिवा लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

तक्रार कुठे करायची आणि निवेदन कसं लिहायचं?

तातडीचा धोका असेल तर १०३३, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. राजमार्गयात्रा ॲपवर फोटोसह टाकता येते. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्यात ‘रस्ता खराब का’ असं विचारू नका. कराराची मुदत, वाहतूक नियोजनाचा मंजूर आराखडा आणि त्या किलोमीटरमधल्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा.

निवेदन मोठं नको. एवढं पुरतं:

‘मा. प्रकल्प संचालक, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांस. राष्ट्रीय महामार्ग ४८, किलोमीटर ____, निपाणी बाजू. दि. ____ पासून आमच्या गावचा फाटा बंद आहे. अंडरपास अपूर्ण असून त्यात पाणी साचते. शाळेची मुले व शेतकरी महामार्ग ओलांडतात. रात्री दिवे व रिफ्लेक्टर नाहीत, चुना लावलेले दगड ठेवले आहेत. अंडरपास चालू होईपर्यंत सुरक्षित ओलांडणी, झेंडेवाला व दिवे द्यावेत. वाहतूक वळवण्याच्या आदेशाची प्रत मिळावी. सोबत फोटो व ग्रामसभेचा ठराव.’

प्रत डीसी ऑफिस, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायतीला. एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा जाल तेव्हा तीच दाखवायची आहे.